पाठकोरा कागद आणि संगणकाचीं गुपितें

काटकसरी घरांत आणि जुन्या कचेऱ्यांत पाठकोऱ्या कागदाला मोठा मान असे. एका बाजूला पत्र, हिशेब अथवा छापील मजकूर असलेला कागद टाकून न देतां त्याच्या कोऱ्या बाजूवर टांचणें, टिपणें आणि कच्चे हिशेब लिहिले जात. ही संवय स्तुत्य खरी. परंतु तिच्यांत एक धोका आहे. असा कागद घरांत आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. तोच पाकिटांत घालून परक्याकडे पाठविला, तर पुढच्या बाजूवरील उत्तराबरोबर मागच्या बाजूवरील घरगुती हिशेबही त्याच्या हातीं पडतो. लिहिणाऱ्यानें लिहिलें तें बरोबरच होतें. त्यानें कागद उलटून पाहिला नाहीं, एवढाच काय तो त्याचा अपराध. संगणकाच्या जगांत नेमका हाच प्रकार पुष्कळ वर्षें घडत आला आहे, आणि तोही यंत्राच्या सर्वांत विश्वासू भागाकडून.

संगणकांत एकाच वेळीं अनेक कामें चालू असतात. एकीकडे पत्र लिहिलें जात असतें, दुसरीकडे बँकेचा व्यवहार, तिसरीकडे गाणें. आणि हीं सारीं कामें एकाच यंत्राच्या आंत शेजारीं शेजारीं नांदत असतात. त्यांच्यावर देखरेख करणारी जी मूळ योजना असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि त्या योजनेचा जो सर्वाधिकारी गाभा त्याचें नांव कर्नल. कर्नल हा यंत्राचा कारभारी होय. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, कोणासाठीं कोणतें दार उघडावें आणि कोणाला स्मृतींतील कोणती जागा द्यावी, हें सर्व त्याच्या हुकुमानें चालतें. एका कामाला दुसऱ्याच्या जागेंत डोकावण्याची बंदी असते. कारभाऱ्याला मात्र सर्व जागा मोकळ्या असतात.

स्मृति म्हणजे एक अफाट फडताळ, आणि त्यांत एकसारखे लहान लहान खण. एका खणाला बाइट म्हणतात. रोमन लिपींतील एक अक्षर एका बाइटांत मावतें. देवनागरींतील एका चिन्हाला युनिकोडच्या सध्यां रूढ असलेल्या लेखनपद्धतींत ३ बाइट लागतात. एखाद्या कामानें जागा मागितली कीं कर्नल कांहीं खण त्याच्या स्वाधीन करतो, आणि काम संपलें कीं ते 'रिकामे' म्हणून नोंदवून घेतो. येथें 'रिकामा' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. खणांतील मजकूर पुसला गेला, असा त्याचा अर्थ नव्हे. तो खण आतां कोणाच्याही नांवावर नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. आधींच्या कामानें तेथें पासवर्ड ठेवला असेल, पत्राचा तुकडा ठेवला असेल, तर तो जागच्या जागीं तसाच असतो. दुसरें कोणी त्यावर लिहीपर्यंत तो तेथेंच राहतो.

मग कारभारी प्रत्येक खण पुसून कां घेत नाहीं? याचें उत्तर असें कीं, बाहेरच्या कामाला जागा देतांना तो ती पुसूनच देतो. लिनक्स काय किंवा विंडोज काय, नव्या पाहुण्याला खोली झाडून देण्याचा हा शिष्टाचार पाळतात. परंतु कर्नलला स्वतःच्या उपयोगासाठींही क्षणोक्षणीं लहान लहान जागा घ्याव्या आणि सोडाव्या लागतात. त्या पुसण्याची त्याला गरज वाटत नसे. घरच्या माणसानें घरचा पाठकोरा कागद वापरावा, त्यांत लपवावयाचें काय? शिवाय पुसण्याला वेळ लागतो. आणि ज्या जागेवर लगेच नवा मजकूर लिहावयाचा आहे, ती आधीं पुसण्याचे श्रम फुकट जातात.

ही वृत्ति यंत्राच्या भाषेंतच मुरलेली आहे. सी ही भाषा १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत डेनिस रिची यांनीं रचली. त्या काळीं यंत्रें मंद होतीं आणि स्मृति महाग होती. एखाद्या क्रियेपुरती घेतलेली तात्पुरती जागा आरंभीं कशी असेल याची ती भाषा कांहींच हमी देत नाहीं. लिहिणाऱ्यानें ती स्वतः भरावी, असा तिचा दंडक. लिनक्स व विंडोज या दोहोंचे कर्नल बहुतांशीं याच भाषेंत लिहिलेले आहेत. जागा भरण्यापूर्वीं ती वाचली गेली, किंवा अर्धीच भरून बाहेर पाठविली गेली, कीं दोष उत्पन्न झाला.

हा केवळ तर्क नव्हे, हें २००३ च्या जानेवारींत जगाला दिसलें. ॲटस्टेक या अमेरिकन सुरक्षासंस्थेंतील ओफिर आर्किन आणि जोश अँडरसन यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं दाखविलेल्या दोषाला ईथरलीक असें नांव पडलें. तो समजण्यासाठीं ईथरनेटची थोडी ओळख हवी. जवळजवळचे संगणक तारेनें एकमेकांस जोडण्याची ही पद्धति १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत जन्मास आली. मूळच्या योजनेंत एकच तार सर्वांची सामायिक असे. दोन यंत्रें एकदम बोलूं लागलीं तर संदेशांची टक्कर होई. आणि ती टक्कर बोलणाऱ्याला वेळेवर कळावी म्हणून कोणताही संदेश अमुक लांबीपेक्षां आंखूड असूं नये, असें पुढें ठरविण्यांत आलें. ही किमान लांबी ६४ बाइटांची. त्यांपैकीं १८ बाइट पत्ते, मजकुराच्या प्रकाराची खूण आणि पडताळा यांत जातात. तेव्हां आंतील मजकूर निदान ४६ बाइटांचा असलाच पाहिजे. मजकूर कमी पडला तर उरलेली जागा भरून काढावी लागते. ही भरती शून्यांनीं करावी, असें इंटरनेटच्या नियमपत्रांत १९८४ सालींच लिहून ठेवलेलें होतें.

आतां एक यंत्र दुसऱ्याला 'जागें आहेस काय?' असें विचारतें. या विचारपुशीला पिंग म्हणतात. प्रश्नाबरोबर एकच बाइट मजकूर पाठविला तर उत्तरांतही तेवढाच परत येतो. त्या उत्तराचें मोजमाप असें: पहिल्या वेष्टणाचे २० बाइट, दुसऱ्या वेष्टणाचे ८ आणि मजकुराचा १, मिळून २९. म्हणजे ४६ ची भरती होण्यास १७ बाइट कमी. हें काम ड्रायव्हरचें. ड्रायव्हर म्हणजे जाळ्याच्या कार्डाला हुकूम देणारा, कर्नलच्या हाताखालचा नोकर. अनेक ड्रायव्हर हे १७ खण शून्यांनीं भरीतच नव्हते. कार्डाला ते एवढेंच सांगत कीं, या जागेपासून पुरेशी लांबी होईपर्यंत उचल आणि पाठव. उत्तर जेथें संपलें, त्याच्या पुढच्या खणांत जें कांहीं पूर्वींचें पडलेलें असे, तें उत्तराच्या शेपटाला चिकटून तारेवर जाई.

काय जात असे? कांहीं यंत्रांत कर्नलच्या नित्य बदलत्या जागेंतील तुकडे, कांहींत ड्रायव्हरनें स्वतःसाठीं राखून ठेवलेल्या जागेंतील जुने संदेश, तर कांहींत खुद्द कार्डावरील स्मृतींतील अवशेष. १७ बाइट म्हणजे थोडे, असें वाटेल. परंतु पुष्कळांचा पासवर्ड याहून लहानच असतो. आणि प्रश्न कितीही वेळां विचारतां येतो. दर उत्तराबरोबर एक वेगळी चिंधी मिळाली, तर चिंध्या जोडून वस्त्र करणें ही केवळ चिकाटीची गोष्ट उरते. एक मर्यादा मात्र होती. ही भरती पहिल्या राउटरपाशीं गळून पडते, म्हणून टेहळणी करणारा त्याच जाळ्यावर असावा लागतो. पण मोठ्या कचेरींत किंवा महाविद्यालयांत एका जाळ्यावर शेंकडों माणसें असूं शकतात. सुरक्षादोषांच्या जागतिक यादींत २००३ सालचा क्रमांक १ याच दोषाच्या नांवें नोंदलेला आहे.

नियम १९८४ चा आणि बोभाटा २००३ चा. एवढ्या अवधींत या गळतीची सार्वत्रिक दखल कां घेतली गेली नाहीं? कारण या दोषाला आवाज नाहीं. उत्तर घेणारें यंत्र वेष्टणावर लिहिलेली लांबी वाचतें, तेवढाच मजकूर घेतें आणि शेपटाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. पाठविणाऱ्याचें काम झालें, घेणाऱ्याचें काम झालें. परीक्षकाला दोन्हीकडे सर्व कांहीं यथास्थित दिसलें. पूल खचला तर दिसतो, दिवा गेला तर अंधार पडतो. येथें मात्र सर्व व्यवहार सुरळीत चालू असतांनाच गुपित बाहेर जातें. चुकीचें उत्तर हुडकणें सोपें असतें. बरोबर उत्तराला चिकटून गेलेलें जादा हुडकणें फार अवघड.

दोनच वर्षांनीं, २००५ सालीं, लिनक्सच्या एका वेगळ्याच भागांत याच जातीचा दोष सांपडला. फाइली तबकडीवर कशा मांडाव्या हें ठरविणाऱ्या एक्स्ट-२ नांवाच्या पद्धतींत नवा फोल्डर उघडला कीं त्याच्या सूचीसाठीं एक ठोकळा घेतला जाई. तो सामान्यतः ४०९६ बाइटांचा असे. नव्या सूचींत नोंदी दोनच: एक त्या फोल्डरची स्वतःची, दुसरी वरच्या फोल्डरची. दोन्ही मिळून २४ बाइट. उरलेले ४०७२ बाइट पुसले जात नसत, आणि कर्नलच्या स्मृतींतील तेवढा शिळा मजकूर जसाच्या तसा तबकडीवर उतरे. तारेवरचा संदेश क्षणांत विरतो, तबकडीवरचा राहतो. असा पेन ड्राइव्ह मित्राला दिला, तर त्याबरोबर कारभाऱ्याच्या फडताळांतील दोन पानें दिल्यासारखेंच झालें.

याहून सूक्ष्म असा आणखी एक प्रकार आहे. कर्नल आपलीं उत्तरें ठराविक रकान्यांच्या पत्रकांत देतो. समजा, एका पत्रकांत दोन रकाने आहेत. पहिला १ बाइटाचा, दुसरा ४ बाइटांचा. ४ बाइटांची संख्या ४ नें भाग जाणाऱ्या क्रमांकाच्या खणापासून सुरू झाली तर यंत्राला ती उचलणें सोयीचें जातें. म्हणून माणसानें लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलींत उतरविणारा कंपायलर त्या दोन रकान्यांच्या मध्यें ३ खण मोकळे सोडतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानें दोन्ही रकाने प्रामाणिकपणें भरले, तरी हे ३ खण त्याच्या नजरेसही पडत नाहींत. त्यांना नांव नाहीं, म्हणून ते कोणी भरीत नाहीं. पत्रक बाहेर जातें तेव्हां मात्र ८ च्या ८ बाइट जातात.

बाहेर पडलेल्या चिंधींत पासवर्डच असला पाहिजे असें नाहीं. पुष्कळदां तींत पत्ते असतात. कर्नलनें आपलें कोणतें सामान स्मृतींत कोठें ठेवलें आहे याचे आंकडे असतात. कर्नलवर घाला घालणाऱ्याला याच आंकड्यांचें मोल अधिक, कारण घाव कोठें घालावा हें त्याला आधीं कळावें लागतें. म्हणूनच लिनक्सनें २०१४ सालीं, यंत्र सुरू होतांना कर्नलची जागा दर वेळीं बदलण्याची सोय केली आणि २०१७ पासून प्रचलित संगणकांसाठीं ती नेहमींची रीत ठरविली. एक पत्ता फुटला कीं ही सर्व लपाछपी व्यर्थ जाते. २०२० सालीं अँडी न्गुयेन यांनीं लिनक्सच्या ब्लूटूथ विभागांतील जे दोष उघड केले, त्यांत याचें उत्तम उदाहरण आहे. एका उत्तरपत्रकाचे कांहीं रकाने न भरतांच तें पाठविलें जाई, आणि त्याबरोबर १६ बाइटांपर्यंत शिळा मजकूर जाई. त्यांतून मिळालेल्या पत्त्यांची दुसऱ्या एका दोषाशीं सांगड घालून, मालकानें एकही कळ न दाबतां, ब्लूटूथच्या टप्प्यांतील यंत्राचा ताबा घेतां येतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. शिळी चिंधी अशा वेळीं घराच्या नकाशाचें काम करते.

वास्तविक पाहतां मूळ तत्त्व जुनेंच होतें. अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या, आणि मुखपृष्ठाच्या रंगामुळें 'ऑरेंज बुक' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कसोटीपुस्तकांत अशी अट होती कीं, साठवणीची जागा एकाकडून दुसऱ्याकडे देतांना आधींच्याची माहिती नव्याला मिळतां कामा नये. नियम ठाऊक होता, मान्यही होता. मग अडलें कोठें? अडलें तें 'कोणी' या एका शब्दापाशीं. जागा घेणाऱ्याला वाटे, देणाऱ्यानें ती पुसली असेल. देणाऱ्याला वाटे, घेणारा तिच्यावर लिहिणारच आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला वाटे, भरतीचें काम दुसरें कोणी पाहील. सामायिक विहिरीचा गाळ कोणीच काढीत नाहीं, तशांतला हा प्रकार. आजचा लिनक्सचा कर्नल कोट्यवधि ओळींचा असून तो हजारों हातांनीं लिहिलेला आहे. एवढ्या सर्वांनीं, प्रत्येक ओळीला, कधींही न विसरतां आठवण ठेवावी, या भरंवशावर उभी असलेली सुरक्षा ही सुरक्षा म्हणण्यास पात्रच नाहीं.

म्हणून अलीकडे दोन दिशांनीं प्रयत्न झाले. पहिला शोधण्याचा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकांतील मातेउश युर्चिक यांनीं २०१७ व २०१८ या वर्षांत एक नामी युक्ति वापरली. नळाची गळती शोधणारा जसा पाण्यांत रंग सोडतो, तसें त्यांनीं केलें. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम एका कृत्रिम यंत्राच्या आंत चालविली. न भरलेल्या प्रत्येक खणाला खूण केली. आणि खूण असलेला एखादा बाइट कर्नलच्या उंबरठ्याबाहेर पडतो काय, यावर पहारा ठेवला. विंडोजच्या कर्नलमध्यें ७० हून अधिक आणि लिनक्समध्यें १० हून अधिक दोष या रीतीनें सांपडले. अशाच कल्पनेवरचें एक तपासणीचें साधन २०२२ सालीं लिनक्सच्या मूळ संहितेंत दाखल झालें.

दुसरा प्रयत्न सर्वांसाठीं एकच नियम घालण्याचा. २०१९ सालीं लिनक्सच्या ५.३ या आवृत्तींत दोन सोयी देण्यांत आल्या. पहिलीमुळें जागा देतांनाच ती शून्यांनीं भरली जाते. दुसरीमुळें जागा परत घेतांना. पुसण्याला वेळ लागतो हा जुना आक्षेप येथें मोजून पाहिला गेला. पहिल्या सोयीची किंमत बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी आणि मुद्दाम रचलेल्या कांहीं चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. दुसरीची बहुतेक कामांत ३ ते ५ टक्के आणि तशाच चाचण्यांत ८ टक्क्यांपर्यंत, असें लिनक्सच्या संहितेबरोबरच्या माहितींतच नमूद आहे. क्रियेपुरत्या घेतलेल्या तात्पुरत्या जागेची जबाबदारी कंपायलरवर सोंपविण्यांत आली. विंडोजच्या कर्नलसाठीं अशी व्यवस्था केल्याचें मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं जाहीर केलें. त्याच वर्षींच्या अँड्रॉइड ११ मध्येंही स्मृति आपोआप भरण्याची तरतूद झाली. आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच असल्यामुळें तिचा लाभ घराघरांतील फोनांपर्यंत पोंचूं लागला.

या उपायांवरही आक्षेप आहेत, आणि ते अगदींच पोकळ नाहींत. शून्य हा निरर्थक आंकडा नव्हे. यूनिक्स घराण्यांतील यंत्रांत ० क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे सर्वाधिकारी. वापरकर्त्याचा क्रमांक भरावयाचा राहून गेला आणि तो रकाना आपोआप शून्य झाला, तर परक्याला मालकी मिळण्याचा प्रसंग येऊं शकतो. दुसरी अडचण कंपायलरच्या चातुर्याची. जागा सोडण्याच्या क्षणीं 'हें पुसून टाक' असा हुकूम दिला, तर 'यापुढें हें कोणी वाचणार नाहीं, मग पुसावें कशाला?' असा हिशेब करून तो हुकूमच गाळून टाकतो. त्यामुळें गाळतां न येणारे असे पुसण्याचे खास हुकूम निर्माण करावे लागले. तात्पर्य, आपोआप पुसल्यानें लिहिणाऱ्याची विचार करण्यांतून सुटका होत नाहीं. परंतु चूक व्हावयाचीच असेल, तर ती कोऱ्या कागदावर झालेली बरी. दुसऱ्याच्या मजकुरावर झालेली बरी नव्हे.

आणि चूक होतच राहते. २०१७ सालीं ज्युनिपर कंपनीच्या कांहीं स्विचांत, आणि २०२१ सालीं पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या कांहीं फायरवॉलांत, ईथरनेटच्या भरतीमधून स्मृति गळण्याचा तोच दोष आढळला. फायरवॉल म्हणजे जाळ्याच्या वेशीवरचा पहारेकरी. १८ वर्षांपूर्वीं जगजाहीर झालेली खोड पहारेकऱ्याच्याच अंगीं निघावी, यावरून केवळ माहीत असणें आणि नियमानें घडणें यांत केवढें अंतर आहे, तें दिसून येतें.

घरच्या माणसाला कर्नल उघडून दुरुस्त करतां येत नाहीं, आणि तशी अपेक्षाही नाहीं. त्याच्या हातीं दोन गोष्टी आहेत. फोनवर किंवा संगणकावर जेव्हां सुरक्षेची नवी दुरुस्ती येते, तेव्हां ती टाळूं नये. दुरुस्तीनंतर यंत्रांत कांहींच बदललेलें दिसत नाहीं, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीं. ज्या दोषाला आवाज नव्हता, त्याच्या दुरुस्तीलाही आवाज नसतो. दुसरी गोष्ट अशी कीं, फाइल काढून टाकली म्हणजे बहुधा तिची जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. मजकूर कांहीं काळ तेथेंच राहूं शकतो. जुना फोन किंवा संगणक विकतांना त्यांतील सर्व मजकूर पुसण्याची जी खास सोय असते, ती अवश्य वापरावी. रिकामें तें कोरें, हा समज कारभाऱ्याला जसा महाग पडला, तसा तो घरमालकालाही पडूं शकतो.